गंगव्वाचं वायरिंग

फोनवर कोनापुरे म्हणाले, जुनं वायरिंग आहे,
चाळीस वर्षांचं. ओल धरलीय, हात लावला की झिणझिण्या.
मी पक्कड, टेस्टर पिशवीत टाकले
आणि साखर पेठेत गेले.
घर नव्हतं. होडी होती.

विटांवर टेकलेली, नाक बोळाच्या बाहेर,
डोलकाठी काढून दोन खिडक्यांत आडवी घातलेली,
तिच्यावर कुणाची तरी नऊवारी वाळत.

कस्टममध्ये तीस वर्षं काढली,
निघताना लिलावात हीच उचलली.
रत्नागिरीहून ट्रकवर आली, घाटात दोनदा अडकली.
नाव गंगव्वा. आईचं.
हिप्परग्याच्या तलावात सोडायचीय, म्हणाले,
जसं काही म्हशीला.

मी मागाच्या मोटारी भरते.
समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर, एप्रिलच्या पानावर.
पण करंट कुठंही करंटच.
चप्पल काढून वर चढले.

फळी उचलली तर खाली गुंता.
लाल कोणती, काळी कोणती,
सगळ्यांचा एकच रंग झालेला.
सोलावं तर आतलं तांबं हिरवं,
चिमटीत भुगा.
फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी.
प्रत्येक मिस्त्रीनं आधीच्याला शिव्या घालत
आपली एक गाठ मारून ठेवलेली.
मीही घातल्या, सगळ्यांना मिळून.
तीन पोती निघाली.
भंगारवाल्यानं वजनसुद्धा केलं नाही.

नवी वायर पुण्याहून मागवली, कल्हईच्या तांब्याची.
कल्हई म्हणजे भांड्याला करतात ती?
तीच.
पेटीत शिरायच्या आधी प्रत्येक वायरीला खाली झोळ दिला.
पाणी वायरीवरून चालत येतं, मुंगीसारखं,
त्याला मध्येच पडायला जागा लागते.
हे अण्णांनी शिकवलेलं,
कारखान्याच्या मीटरखोलीत, ओल्या भिंतीला पाठ लावून.

फटींतून उजेड आत येत होता.
भावाच्या मागाखालचं पडीक सूत आणलं, चादरीचं,
तांबडं, निळं, पोपटी,
राळ आणि करडईच्या तेलात भिजवलं,
लाकडी छिन्नीनं वीतवीत ठासत गेलो दोघं.
कोनापुरेंचा अंगठा काळा पडला.
गंगव्वाच्या कुशीला चादरीचे काठ दिसू लागले.

मग ते म्हणाले, गळती बाहेरून सापडत नसते.
आत पाणी भरायचं
आणि बाहेर उभं राहायचं.

पाचव्या दिवशी नळ आला, रात्री पावणेदोनला.
त्यांनी पाईप होडीत सोडला.
गल्ली जागी झाली.
काय करलालाव वो? अंबुबाई चिलवेरी ओरडल्या,
आमच्या पिंपाला बूड दिसलालंय
आन् तुम्ही लाकडाला पाणी पाजलालाव?

कोनापुरे बोलले नाहीत.
टॉर्च घेऊन होडीभोवती फिरत राहिले,
थेंब फुटला तिथं खडूची फुली.
सतरा.
पहाटेपर्यंत लाकूड फुगलं,
अकरा फुल्या आपोआप कोरड्या झाल्या.
उरल्या सहा. पाच फटींच्या.
सहावी माझी.
पंपाची क्लिप बसवताना स्क्रू आरपार गेलेला.
पुढच्या मिस्त्रीच्या तोंडची शिवी
मला आधीच ऐकू आली.

उजाडलं तेव्हा नळ केव्हाच गेला होता.
अंबुबाई घागर घेऊन आल्या,
विचारलं नाही, काठावरून वाकून बुडवायला लागल्या.
थांबा, म्हटलं.
नव्या पेटीवरचं तिसरं बटण दाबलं.
पंप खोकला, घुरघुरला,
आणि पाईपातून पाणी सरळ घागरीत.
मग रांग. प्लास्टिकच्या कळशा, तेलाचे डबे,
शाळेत निघालेला एक पोरगा बाटली घेऊन,
त्याला मात्र हाकललं. प्यायचं नाही, धुण्याचं.

दोन दिवस सगळ्या गल्लीच्या कपड्यांना राळेचा वास होता.

सहा फुल्या बुजवल्या. बिल दिलं, त्यांनी फेडलं,
वर एक चादर.
होडी अजून विटांवरच आहे.
तलावाचं पाणी काठापासून लांब गेलंय म्हणतात,
ट्रक चिखलात उतरणार नाही.
मी जाता-येता पेटी उघडून बघते.
आणि दर पाचव्या दिवशी, रात्री,
अंबुबाई खिडकीतून विचारतात,
नाव भरणार का वो आज?