तेरा अंश पूर्व

स्वान्सीत, पेनरिन हाउसच्या गच्चीवर
वारा असा की खिशातला पेचकसही गारठतो.
गेथिन शिडी धरून उभा.
मी नव्या तबकडीचं तोंड आग्नेयेला वळवतो,
मीटरवरचा आकडा चढतो, अडखळतो, बसतो.
बस. एवढीच एक.
आता खालच्या बत्तीस गॅलऱ्यांतल्या बत्तीस उतरवायच्या.
कौन्सिलचं पत्र आहे,
इमारतीचं तोंड विद्रूप दिसतं म्हणे.

मी मूळचा मिरजेचा केबलवाला.
कौलावरून कौलावर काळी वायर फेकत गेलोय,
निंबाच्या फांदीला एक गाठ, विजेच्या खांबाला एक,
आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत
पडद्यावर नुसत्या मुंग्या.
ढवळेकाकू महिन्याचे पैसे मोजून देताना म्हणायच्या,
"बातम्या ऐकल्या रे,
माणसं काही दिसली नाहीत."

इथे काच आहे, केसाएवढी.
तबकडीत जे पडतं त्याचा उजेड होतो,
तो डबीत शिरतो, दोन होतो, चार, आठ,
सोळा, बत्तीस.
दर फाट्याला अर्धा. वहीत मी तोटा मांडतो,
सांध्यांचा पाव-अर्धा डेसिबल वेगळा,
आणि तरी बत्तिसाव्या घरी
पहिल्या घराइतकंच लख्ख.
वाटणी होऊन बांधावरून भांडण नाही,
हे मी इथेच पाहिलं.
आमच्या दोन चुलत्यांना दीड गुंठा पुरला नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर मेन्ना प्रॉसर
कुत्र्याला न्हाणीत कोंडून दार उघडते:
वेल्श चॅनल दिसेल ना? रग्बी?
दिसेल.
तिची तबकडी काढली, तर मागे भिंतीवर
जुन्या रंगाचा एक गोल,
नवरा होता तेव्हाचा.
ती तेवढ्यासाठी चष्मा घेऊन आली.

सातव्यावर नास्के खानूम.
नातू शाळेत, म्हणून भाषा हातांची.
मी गेथिनला फोन केला, त्याने वरून लाल लेझर सोडला,
आणि टीव्हीमागे भिंतीतून आलेल्या त्या केसाच्या टोकाला
कुंकवाएवढा ठिपका पेटला.
तिने खाली तळहात धरला.
डोळा नाही लावला, हातच,
मी सांगायच्या आधी.
हसली.
मग खिडकीकडे बोट.

तिची तबकडी इतरांसारखी आग्नेयेला नव्हती,
जरा दक्षिणेकडे कललेली,
वरातीत एकट्यानेच दुसरीकडे बघावं तशी.
तेरा अंश पूर्व.
तिकडून सुलेमानियाच्या बातम्या येतात, लग्नांची गाणी,
बहिणीच्या गावी आज ऊन किती.
आमची गच्चीवरची बघते अठ्ठावीस पूर्णांक दोन.
काच काहीही नेईल,
पण तबकडीत पडलंच नाही ते कुठून नेणार?
हे हातांनी कसं सांगायचं?
मी दोन बोटं वर केली. एक मिटलं.
तिला कळलं.
इतक्या लवकर कळायला नको होतं.

गेथिन म्हणाला, होतं की.
आणखी एक तबकडी, त्याच काचेत दुसऱ्या रंगाचा उजेड,
फॉर्म भरायचा, सहा आठवडे,
मंजुरी मिळाली तर.
फॉर्म भरला. 'कारण' या रकान्यापाशी
चहा गार होईस्तोवर थांबलो.
मग लिहिलं: बहीण.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॅनमध्ये एकतीस तबकड्या,
परातींसारख्या एकात एक,
सीगलची शिट, पावसाचं पाणी, एकीत शाळेचा मोजा.
कागदावर गेथिनने बत्तीस लिहिले
आणि पेन मला न देताच
खिशात टाकलं.

घरी जाताना स्टिअरिंगवर अंगठा दुखला.
काचेचा कण.
दिव्याखाली धरला तरी दिसत नाही,
दाबलं की कळतं कुठे आहे.