आंधळा सातवा

हे मैदान कुणी आखलं, विचारलं तर
मर्डो मेंढ्यांकडे हनुवटी उडवतो.
वाऱ्याला पाठ देऊन त्या जिथं बसायच्या
तिथली हिरवळ झिजली, वाळू उघडी पडली;
माणसांनी मागाहून फक्त काठ बांधले,
गवताची ढेकळं एकावर एक रचून.

सातव्या होलचा झेंडा दिसतच नाही.
मध्ये वाळूची टेकडी, माथ्यावर चुना फासलेला दगड.
नेम त्याच्यावर धरायचा, उरलेलं
समुद्राकडच्या वाऱ्याशी बोलून घ्यायचं.

एकदा एडिनबरोहून एक तज्ज्ञ आले होते.
म्हणाले, टेकडी कापा, हा खेळाडूवर अन्याय आहे.
मर्डोची आत्या मोराग तेव्हा इथलं गवत राखायची.
तिनं त्यांना चहा दिला
आणि टेकडी ठेवली.

मी चेंडू मारते. तो टेकडीआड जातो.
चालताना पायाखाली जमीन वरखाली होत राहते,
कधीच्या काळच्या भरतीची वळणं
तिनं अजून मोडलेली नाहीत.
पलीकडे ग्रीन, टवका उडालेल्या बशीसारखं,
आणि चेंडू कुठंच नाही.

खांबाला घंटा आहे. खेळून झालं की वाजवायची,
मागच्यांना कळावं, वाट मोकळी झाली.

आज मागे कुणी नाही.
मर्डो तरी वाजवतो.