पाणी सोडणं

रविवारी सकाळी सहाला, पवईच्या काठावर
आम्ही सातजण, आठ विमानं, एक घडीचं टेबल
आणि अंकलेसरियांच्या घरून आलेला मावा केकचा डबा.
परवानगीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत,
शिक्का वर दिसेल असं.
त्यात लिहिलंय: झाडाच्या शेंड्यापेक्षा उंच नाही,
नऊच्या पुढे नाही,
मगरींना त्रास होता कामा नये.

माझं विमान पिवळं.
चाकांच्या जागी फ्लोट, मासळीच्या खोक्याच्या थर्माकोलचे,
कितीही घासले तरी ऊन लागलं की
बोंबील आठवतात.
नाक दोनदा मोडलं, दोन्ही वेळा
कवळीच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकनं जोडलं.
धंदाच तो माझा, भांडुपला.
कुणाच्या तोंडात बसेल असं काही घडवायचं
आणि पुन्हा कधी बघायचं नाही.
हे निदान परत येतं. कधी कधी.

त्या दिवशी वारा पडलेला.
पलीकडचे मनोरे पाण्यात उलटे,
खिडक्या मोजून घ्याव्यात इतके स्वच्छ.
नवखा म्हणेल, वा, काय पाणी आहे!
अंकलेसरियांनी छत्तीस वर्षं खऱ्या विमानांची पोटं उघडलीत.
चष्मा पुसत म्हणाले,
"डीकरा, आज उठनार नाय. काचेला काय बी चिकटून बसते."

तसंच झालं.
थ्रॉटल पूर्ण, नाक वर, मागे फेसाच्या दोन रेघा,
आणि पाणी काही सोडेना.
बारशाला आलेली आत्या बाळ धरून बसते,
देते गं, देते म्हणत,
तसं.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बॅटरी अर्ध्यावर.

वरून दर तीन मिनिटांनी मोठी विमानं
पाय काढून सहारकडे उतरत होती.
चोपड्यांची भाची इरावती, वय वर्षं अकरा,
मान वर करून म्हणाली,
"त्यांना पाण्यावर बसता येत नाही ना?"
"नाही."
"मग आपलंच भारी."
आपलं भारी काठाला येऊन लागलं,
नाकातून पाणी गाळत.

मी विमानावर पाणी सोडलं. केकचा तुकडा घेतला.

जान्या भोये, एरवी जलपर्णी काढायच्या कामावर,
आज पाचशे रुपयांत होडी घेऊन बसलेला,
बुडेल ते उचलायला.
सकाळपासून तंबाखू मळत हसत होता.
आता काही न बोलता त्यानं वल्हं टाकलं,
मधोमध गेला
आणि होडी गोल गोल फिरवायला लागला,
जात्यासारखी.
मनोरे मोडले. खिडक्या सांडल्या.
तळ्याला सुरकुत्या पडल्या.
होडी बाजूला घेऊन ओरडला, "सोडा आता!"

फ्लोटखाली तडतड, तडतड.
आधी डावा सुटला,
मग उजवा,
मग खालचा आवाजच संपला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातात केक होता.
अंकलेसरिया म्हणाले, "ए तर पुस्तकात हाय. याला कोन सांगितला?"
जान्या म्हणाला, "पाणकावळा बघा ना सायेब,
पाय आपटत उठतो."

चार मिनिटं. बॅटरीत तेवढंच होतं.
तोवर सुरकुत्या मिटलेल्या,
पाणी कुठे सुरू होतं ते कळेना.
वरचं पिवळं खाली येत होतं,
खालचं पिवळं वर.
मी दोघांकडे पाहत राहिलो.
दोघं भेटतील
तिथं पाणी.

नऊला रखवालदार आला, पत्र वाचलं,
उलटं धरून शिक्का पाहिला, केक घेतला.

घरी येईपर्यंत गाडीत बोंबलाचा वास.
उजव्या फ्लोटला कुठेतरी चीर आहे,
आत थोडं तळं आलंय.
हलवलं की वाजतं.
भोक पाडून काढायला दोन मिनिटं लागतील.
आज गुरुवार.
अजून काढलेलं नाही.