वेळ : रात्री अकरा पंचावन्न

इतिवृत्त मी लिहिते,
अकरा गावांच्या महिला संघाचं, चाकूरला,
बाजार समितीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत.
त्या रात्रीचं पान नीट आहे. खाडाखोड एकच.

विषय क्रमांक तीन : हिंगणी.

हिंगणीच्या डाळ गिरणीत सप्टेंबरात नदी शिरली.
सत्तर पोती तुरीला दोन दिवसांत मोड आले,
मोटारीत गाळ.
हप्ता चार लाख दहा हजार, जामीन आम्ही सगळ्या.
चार तारखेच्या आत ठराव नाही झाला
तर बँक अकराही खाती गोठवणार,
ज्यांच्या शिवारात डबकंही साचलं नाही त्यांचीसुद्धा.
आणि नियम आमचाच, हौसेनं केलेला :
एकीचाही अंगठा कमी पडला तर ठराव नाही.

बोरवाडी आधी बोलली. तिची शिल्लक मोठी,
म्हणून तिची खुर्ची पंख्याखाली.
सुग्रावती बिराजदार म्हणाल्या,
"आमी चहात साखर कमी केली तवा पैसा साचला.
ह्यांनी गिरणीला रंगीत बोर्ड लावला, विमा काढला नाही.
आज हिंगणी. उद्या कोण?"
तांड्यावरच्या झुंबरबाई राठोड, सात जणींच्या गटाच्या,
पदर सावरत म्हणाल्या,
"उद्या आमीच. म्हनून तर बसलाव."

मग अटी.
गिरणीची किल्ली संघाकडे, वजनकाटा संघाकडे,
वर्षभर हिंगणीच्या वहीवर बोरवाडीची सही.
हमीदाबी शेख हसल्या :
"बाई, इतक्या अटींवर सून बी कुनी आनत नाय."

कुणीतरी टँकरचं साल काढलं.
त्या उन्हाळ्यात बोरवाडीचे हप्ते कुणी भरले?
मी जुनी वही चाळली. नोंद नव्हती.
हिंगणीनं दिले होते, न लिहिता.
लिहिलं नाही, म्हणून फिटलंही नाही.

साडेबारा.
भांडण आता पैशाचं नव्हतं, शब्दाचं होतं.
'मदत' म्हटलं की बोरवाडी म्हणे, मदत म्हणजे बुडीत.
'कर्ज' म्हटलं की बँकेचा नियम आडवा,
कर्जावर कर्ज चालत नाही.
मुद्रिका सोनकांबळे भिंतीला टेकलेल्या, डोळे मिटून,
झोपल्या असं मी समजले होते.
"उसनं लिही," त्या म्हणाल्या.
"वाटीभर नेलं की वाटीभर आनायचं.
कामून नेलं, ते इचारायचं नसतं."
मी 'मदत' खोडलं. हीच ती खाडाखोड.

हिंगणीच्या सत्यभामाताई इतका वेळ बाहेर.
हितसंबंध म्हणून आम्हीच उठवलं होतं त्यांना.
ओट्यावर स्टो पेटवून त्यांनी चहा ठेवलेला.
दारातून एकदाच आत पाहिलं :
"कप अकरा का बारा?"
कुणी बोललं नाही.
बिराजदारबाईंनी अटींचा कागद दुमडला, पुन्हा उलगडला,
वजनकाट्याची ओळ काढली.
किल्लीची राहिली.

माझा भाचा लातूरला परीक्षांचा अभ्यास करतो.
त्याच्या पुस्तकात देशांचा एक संघ आहे,
नाणं एक, तिजोऱ्या निरनिराळ्या.
एक देश बुडायला लागला की बाकीचे रात्रभर बसतात म्हणे,
पहाटे सुजल्या डोळ्यांनी फोटो काढतात,
आणि मुदत टळू नये म्हणून
कधी कधी घड्याळच थांबवतात.
"कसली लबाडी, मावशी," तो म्हणाला.
मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

सह्या झाल्या, अंगठे झाले.
सत्यभामाताईंचा अंगठा खाली, वेगळ्या ओळीत,
शाई जरा जास्तच लागलेली.
भिंतीवर दोन वाजून वीस मिनिटं,
तारीख पाच.
सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, बोरवाडीसुद्धा.
मी वर न बघता लिहिलं, स्वच्छ अक्षरात :
सभा चार तारखेस संपली, वेळ रात्री अकरा पंचावन्न.
ठराव एकमताने.

चहाचा खर्च, बारा कप.
तो अजून मंजूर व्हायचा आहे.