शिरदोनची ओहोटी

रात्रपाळी ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला.
बीम परदेशात. इथं फक्त पडदा,
विजेचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर,
आणि सावियोनं ठेवलेला, साय धरलेला चहा.

इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळतो, वळतो.
किती वळला, किती गमावून परतला,
एवढंच हाती. आतलं सगळं
या दोन आकड्यांवरून ओळखायचं.
नऊ वर्षं झाली.
आई फोनवर विचारते, अजून सापडलं नाही?

साडेसहाला ओहोटी.
पिएदाद गुडघाभर पाण्यात, टाचेनं तिसऱ्या शोधते.
खाली बघत नाही, मुरगावची जहाजं बघते.
पाय म्हणतो दगड.
पाय म्हणतो शिंपलं, पोकळ.
पाय म्हणतो, ही.

मी चपला हातात घेऊन सांगू लागते:
आमचंही असंच. आत तीन क्वार्क, असं शाळेत शिकवतात.
जोरात मारून बघितलं तर तीन कुठले, झुंबड!
जोड्या उपजतात, विझतात,
आणि सगळ्यांना जखडणारे ते चिकट ग्लुऑन.

"एक काडून दाखय पळोवया."

काढता येत नाही, पिएदाद.
ओढला की मधली दोरी ताणते, ताणते,
आणि तुटते तेव्हा तुटल्या जागी
दोन नवी टोकं बांधूनच तुटते.
जाळ्यात येतात पायॉन, एखादा केऑन.
एकटा क्वार्क कधीच नाही.

ती हसली. रापणीची दोरी अशी असती
तर तिचा कायतान
जन्मभर गाठी मारत बसला नसता.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
प्रोटॉनची फिरकी मोजली, तर क्वार्कांच्या वाट्याला
जेमतेम तिसरा हिस्सा.
उरलेली कुणाची किती, हे भांडण
माझ्याच वयाचं आहे.

काठावर ती टोपली उपडी करते,
तिसरीवर तिसरी आपटते.
टण्. ठेवते.
टण्. ठेवते.
थप्. ही मेलेली, चिखलानं भरलेली,
वजनाला जिवंतीपेक्षा भारी.
न उघडताच पाण्यात भिरकावते.

"कशी कळते?"
"आवाजान."

वाटाभर घेऊन खोलीवर आले.
सिंकपाशी उभी राहून एकेक वाजवली.
एक थप् वाजली,
किंवा मला तसं वाटलं.
फेकली नाही. वेगळ्या वाटीत ठेवलीय.
पाळीला निघण्याआधी
पुन्हा एकदा वाजवून बघेन.