पंचेचाळीस

वेसाव्याच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा पावणेतीन झाले होते.
मागे ट्रेलरवर येसूबाय,
सव्वीस फुटांची, शेवाळासकट दोन टन.
आरशात तिचं नाव उलटं
आणि नावाखालचे दोन रंगवलेले डोळे
माझ्या मानेवर.

बापूस शेजारी. पट्टा लावायला तयार नव्हता.
दर्यात कोण बांधून घेतंय, म्हणाला.
मग लावला.

अंधेरीपर्यंत वेगाचा प्रश्नच नव्हता,
गतिरोधक ठरवत होते सगळं.
प्रश्न हायवेला लागल्यावर.
तिथे पाटीवर ऐंशी लिहिलंय.
पाटीला काय जातंय,
तिच्या मागे काही जोडलेलं नाही.

साठला पिकअप मजेत होती.
पूल चढताना वाटलं, उगाच घाबरत होते.
उतारावर येसूबाय हलली.
आधी जराशी, कानातला डूल हलावा तशी,
मग डावीकडे ओढ,
मग उजवीकडे त्याहून मोठी,
आणि स्टिअरिंग माझं राहिलं नाही.

पाय ब्रेककडे गेला.
"दाबू नको," बापूस म्हणाला, "सोड."
त्याच आवाजात, ज्या आवाजात
मी नऊ वर्षांची असताना मागून लाट आली होती
आणि माझ्या हातात सुकाणू होतं.
गॅसवरचा पाय काढला.
हात सरळ धरले, तिच्याशी भांडले नाही.
काटा पंचावन्न, पन्नास, सत्तेचाळीस,
आणि ती परत आमच्या मागे आली
काही झालंच नाही अशी.

आरेच्या अलीकडे कडेला लावली.
माझे गुडघे थरथरत होते, ते मी टॉर्चवर ढकललं.
एक रिकामा टेंपो पुढे जाऊन थांबला,
मागच्या फळीवर लिहिलेलं: पोपट गांगुर्डे, निफाड.
त्यानं ट्रेलरभोवती एक चक्कर मारली.
"ताई, गाडी उलाळ झालीय तुमची."
इंजिन मागे, नांगर मागे,
जाळी मागे, बर्फाची पेटी मागे.
आम्ही तिला पाण्यासाठी भरली होती,
नाक वर, बूड खाली,
पन्नास वर्षं अशीच भरतोय.
"बैलाच्या मानेवर थोडं वजन लागतंच," गांगुर्डे म्हणाला,
"नाहीतर धुरा वर उचलते."
मग तिघांनी नांगर पुढे ओढला, जाळी पुढे टाकली.
त्याच्या शर्टाला बोंबलाचा वास लागला,
त्यानं हुंगून बघितलं आणि हसला.

"आता किती ठेवू?"
गांगुर्डे म्हणाला, पन्नास.
बापूस म्हणाला, "ती सांगेल."

अठ्ठेचाळीसला ती हुकातून काहीतरी पुटपुटायची.
पंचेचाळीसला गप्प.

पंचेचाळीसला सगळे तुमच्यावर चिडलेले असतात.
बोरिवलीच्या बसनं मागून दिवे मारमार मारले.
टँकर जाताना आधी ढकलतो, मग ओढून घेतो,
दोन्ही वेळा नुसतं धरून राहायचं.
पुढच्या लाल दिव्यापासून पाच खांब मोकळे ठेवायचे,
त्यात कुणी घुसलं की शिवी गिळून
परत पाच मोजायचे.
खांब बापूस मोजत होता, ओठांनी.
मला वाटलं पैसे मोजतोय.
साडेतीन लाख, इंजिनासकट,
अर्नाळ्याचा माणूस सहाला धक्क्यावर येणार होता.

त्याचा फोन आला कांदिवलीला.
कुठे पोचलात, अजून किती वेळ?
बापूस म्हणाला, "भरतीवर आहे,"
आणि फोन खिशात ठेवला.

खरं सांगायचं तर
दहिसरच्या आधी रस्ता मोकळा झाला होता,
वजन बसलं होतं,
पन्नासला चाललं असतं.
मी काटा हलवला नाही.
बापूसनं काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
मग खिडकीतून हात बाहेर काढून
वारा कुठला आहे ते बघत बसला.