डावा हातमोजा

हुसाविकच्या शाळेत, शनिवारी,
पहिलीच्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर
आम्ही नऊजण बसतो, गुडघे हनुवटीशी.
एक निवृत्त परिचारिका, दोन मास्तर, बेकरीवाली उन्नुर,
आणि मी थोर्गेर, सव्वीस वर्षं ट्रॉलरवरचा मुकादम.
तिथे मी वाऱ्याच्या वर आवाज चढवायचो.
इथे सोल्वेग म्हणते, उतरवायला शिका.

अभ्यासाला एक सकाळ दिली आहे.
सात चाळीस. बाहेर अजून रात्रच. बस आठला.
आठ वर्षांचा मुलगा, मोजा एका पायात,
दुसरा हातात,
आणि नजर काचेवरच्या बर्फाच्या नक्षीत गुंतलेली.
आई तिसऱ्यांदा सांगते आहे. मग सातव्यांदा.
"तुम्ही मुलाला सुधारायला आलेला नाहीत,"
सोल्वेग बजावते, "आईला सोबत करायला आलात."

मी आई झालो, उन्नुर मुलगा.
सातव्यांदा मी ओरडलो तेव्हा
उन्नुरने आपले पंचावन्न वर्षांचे खांदे असे आत घेतले
की खोलीत कुणी हसलंच नाही.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेला ते फुटलं होतं,
चांगलं कॉडच्या कण्याएवढं.

वहीत उतरवून घेतलं:
एका वेळी एकच गोष्ट सांगावी, जवळ जाऊन.
घड्याळ दाखवावं, आपण घड्याळ होऊ नये.
जमलं ते आधी बोलावं,
राहिलेलं कुठे पळून जात नाही.
खाली एक ओळ माझी मीच घातली:
'आळशी' हा शब्द नांगरासारखा,
टाकायला एक माणूस, वर ओढायला चार.

हे लिहिताना स्टेन्नी आठवला.
सतरा वर्षांचं पोर.
जाळं हातातून सोडून पक्षी बघत राहायचं.
पुढच्याच बंदरात उतरवलं मी त्याला, पिशवीसकट.
पक्षी कुठला होता, विचारलं नव्हतं.

मंगळवारी पहिला खरा फोन.
एय्दिस. मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी.
मुलगा काउरी. या हिवाळ्यातला
चौदावा हातमोजा हरवलेला, दर वेळी डावाच.
माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं: दोरी.
कोटाच्या बाह्यांतून ओवायची, दोन्ही टोकांना मोजे.
जहाजावर आम्ही चहाचा मगसुद्धा बांधून ठेवतो.
पण पहिली दहा मिनिटं उपाय सांगायचा नाही,
असा नियम.
मी जीभ दातांखाली धरली.

चौथ्या मिनिटाला ती म्हणाली,
"काल मी चिडून बोलले त्याला,
एक दिवस स्वतःचं डोकंही विसरून येशील कुठेतरी.
रात्री कामावर निघताना पाहिलं तर
तो डोकं दोन्ही हातांनी गच्च धरून झोपला होता."

यावर माझ्या वहीत काही नव्हतं.
तारेवर नुसता कारखान्याच्या पंख्याचा आवाज.
"तुम्ही आहात ना?"
"आहे."

बराच वेळ गेला.
मग ती नाक पुसत म्हणाली,
"माझी किल्लीसुद्धा रोज हरवते हो.
आत्ता मी गाडीत बसले आहे,
आणि ती सापडत नाहीये."
आणि हसली. मीही.
खिशात बघा, म्हणालो नाही.
तिची तिलाच सापडली, डब्यात, पावाशेजारी.

दोरीचं अजून सांगितलेलं नाही.
पुढच्या मंगळवारी सांगेन,
तिने विचारलं तर.